पोथीतून सापडलेले तळे

घांघरियात पहाटे चारलाच जाग येते ती खेचरांच्या गळ्यातल्या घुंगरांनी. गढवालच्या चमोली जिल्ह्यातली ही वस्ती समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर आहे. अंधारात टॉर्चच्या उजेडाची एक रांग डोंगर चढू लागते. इथून हेमकुंड फक्त सहा किलोमीटर. पण या सहा किलोमीटरांत बाराशे मीटरच्या आसपास चढायचे, म्हणजे सिंहगड पायथ्यापासून दोनदा चढल्यासारखे, आणि तेही अशा हवेत जिथे शेवटी शेवटी समुद्रकाठच्या हवेतल्या प्राणवायूच्या जेमतेम साठ टक्के प्राणवायू वाट्याला येतो. वर तळ्याकाठी दर्शन, झेपत असेल तर स्नान, लंगरातली खिचडी आणि चहा, की लगेच परत. वर मुक्कामाला परवानगी नाही. दुपारची अरदास झाली की सेवादार रेंगाळणाऱ्यांना हात जोडून खाली पिटाळतात. वर्षातून चारेक महिने, मे-जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हजारो माणसे ही एका दिवसाची चाल करतात.

मी गेलो होतो तो भाविक म्हणून नव्हे. नांदेडात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. गुरू गोविंदसिंगांचा देह १७०८ मध्ये तिथे, गोदावरीकाठी पडला. परंपरेप्रमाणे ती तिथी कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे आपली दिवाळी उलटते न उलटते तोच. या गुरूंच्या चरित्राचा शेवट मला रोज बघायला मिळत होता. त्यांच्या चरित्राची जी सुरुवात सांगितली जाते, ती मात्र जन्माच्याही अलीकडची, मागच्या जन्मातली, आणि ती हेमकुंडाला सांगितली जाते. ते टोक एकदा पाहावे एवढीच इच्छा होती.

निम्म्या वाटेवर एका चहाच्या टपरीत एक वृद्ध सरदारजी धाप टाकत बसले होते. मी मराठीत पुटपुटलेले काहीतरी ऐकून त्यांनी वर पाहिले आणि अस्सल मराठवाडी मराठीत विचारले, "कोणच्या गावचे?" नांदेडचेच निघाले. पुढचा टप्पा आम्ही बरोबर केला. बोलता बोलता ते म्हणाले, "बघा सर, ग्रंथात तर पर्वत म्हटलंय. तळं नाही म्हटलेलं. मग हे तळं आलं कुठून?" नांदेडच्या तख्तावर गुरू ग्रंथ साहिबाशेजारी दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, त्यामुळे तिथल्या माणसाच्या कानावर हे शब्द लहानपणापासून पडलेले असतात. त्यांचा प्रश्न श्रद्धा ढळलेल्या माणसाचा नव्हता, पाठ असलेल्या माणसाचा होता. परत आल्यावर मी बरेच महिने त्याच प्रश्नाच्या मागे होतो. हा लेख त्यातूनच आला.

ज्या मजकुराबद्दल ते बोलत होते तो 'बचित्तर नाटक' या दशम ग्रंथातल्या आत्मचरित्रपर रचनेत आहे. ती १६९० च्या दशकात रचली गेली असे सामान्यतः मानतात. दशम ग्रंथातला कोणता भाग खुद्द गुरूंच्या हातचा, यावर शीख विद्वानांत मोठा वाद आहे आणि त्यात बाहेरच्याने पडू नये. रचनेच्या सहाव्या अध्यायात कवी आपली स्वतःची कथा सुरू करतो. हेमकुंट नावाचा पर्वत, तिथे सप्तशृंग नावाचे ठिकाण, जिथे पूर्वी पांडू राजाने योगसाधना केली. तिथे आपण महाकाल-कालिकेची आराधना करत मोठे तप केले, परमतत्त्वाशी एकरूप झालो आणि मग कलियुगात जन्म घेण्याची आज्ञा झाली, असा आशय आहे. म्हणजे स्थळाबद्दल हाती लागतात तीन खुणा: हेमकुंट, सात शिखरे, पांडू. पाण्याचा उल्लेख नाही. माझ्या सोबत्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

'कुंट' हा शब्दही सरळ नाही. पंजाबीत कुंट म्हणजे दिशा, कोपरा. 'चारी कुंटां'त म्हणजे चहूकडे. दुसरीकडे संस्कृत वाचलेल्या माणसाला हेमकुंट म्हटले की हेमकूट आठवतो. पुराणांच्या भूगोलातला तो एक प्रमुख पर्वत, आणि 'शाकुंतला'चा सातवा अंक ज्याच्यावर मारीच ऋषींच्या आश्रमात घडतो तो. सप्तशृंगाचेही तसेच. मराठी माणूस हा शब्द ऐकताच वणीला पोचतो, पण पांडूची खूण आपल्याला महाभारताकडे नेते, आणि आदिपर्वात पांडू तप करायला जातो तो शतशृंग पर्वतावर. वाटेत गंधमादन, इंद्रद्युम्न सरोवर, हंसकूट असे टप्पे आहेत. शतशृंगाचे सप्तशृंग आणि हंसकूटाचे किंवा हेमकूटाचे हेमकुंट झाले असावे, हा माझा तर्क. तो सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही. एवढे मात्र म्हणता येते की सतराव्या शतकातल्या कवीला हिमालयातले एक पौराणिक तपःस्थान सांगायचे होते, घांघरियावरून किती किलोमीटर ते सांगायचे नव्हते.

पण वाचक पत्ता शोधतोच. एकोणिसाव्या शतकात शीख विद्वानांनी गुरूंच्या चरित्रातल्या जागा नेटाने नोंदवायला घेतल्या. कवी संतोखसिंग यांनी १८४३ मध्ये पुरा केलेल्या प्रचंड 'सूरज प्रकाशा'त हेमकुंटाच्या तपाची कथा विस्ताराने आली. पतियाळाचे निर्मले पंडित तारासिंग नरोत्तम यांनी १८८४ मध्ये 'श्री गुरतीरथ संग्रह' प्रसिद्ध केला. त्यात पाचशे आठ तीर्थांची नोंद आहे आणि हेमकुंट त्यांपैकी एक. हे ठिकाण बद्रीनाथाच्या बाजूला गढवालात असावे, असे छापील कागदावर प्रथम आले ते बहुधा त्यांच्याकडून. त्यांना तो भाग सुचला याचे नवल नाही. बद्रीनाथाच्या वाटेवर पांडुकेश्वर नावाचे गाव आहे, पांडूने तिथे तप केले अशी तिथली जुनी समजूत आहे. पांडूचा धागा धरला की माणूस तिथे येऊन पोचतोच.

यानंतर अमृतसरचे भाई वीर सिंग. आधुनिक पंजाबी साहित्याचे जवळजवळ जनकच. 'सूरज प्रकाशा'ची संपादित आवृत्ती काढण्याचे डोंगराएवढे काम त्यांनीच केले. १९२० च्या दशकात त्यांनी लिहिलेल्या गुरू गोविंदसिंगांच्या चरित्रात हेमकुंटाचा शोध नव्याने रंगवला. तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. अकाली चळवळ होऊन गेली होती, १९२५ चा गुरुद्वारा कायदा झाला होता आणि कोणते स्थान कोणाचे, त्याची व्यवस्था कोणी पाहायची, यावर पंजाबात तुरुंग भरले होते, रक्त सांडले होते. स्थळांच्या याद्या तेव्हा निव्वळ पंडितांच्या राहिल्या नव्हत्या. तरी हेमकुंट त्या यादीत वेगळेच. बाकीची स्थाने गुरू जिथे जन्मले, राहिले, लढले, वारले तिथली. हे एक असे की तिथे गुरू त्या देहाने कधी गेलेच नव्हते. तीर्थस्नानाने मन धुतले जात नाही असे बजावणाऱ्या नानकांच्या पंथात पूर्वजन्मीच्या तीर्थाचे काय करायचे, हा प्रश्न काही शिखांनी तेव्हाही विचारला, आजही विचारतात.

वीर सिंगांचे लेखन वाचून निघाला तो माणूस पंडित नव्हता. संत सोहनसिंग हे सैन्यातून निवृत्त झालेले ग्रंथी, टिहरीच्या गुरुद्वाऱ्यात सेवेला होते. १९३३ मध्ये ते शोधायला निघाले आणि हात हलवत परत आले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, बद्रीनाथाच्या वाटेवर पांडुकेश्वरात चौकशी केली. तिथे लोकांनी सांगितले की भ्यूंडार खोऱ्याच्या वर लोकपाल नावाचे एक तळे आहे, आम्ही तिथे पूजेला जातो. सोहनसिंग गेले. समोर निळेकाळे पाणी, भोवती शिखरे. सांगतात, तिथे त्यांना एक उंच, दाढीधारी योगी भेटला, "खालसा, कुठून आलास, कोणाला शोधतोस?" असे विचारता झाला, आणि हेच ते स्थान म्हणून सांगून दिसेनासा झाला.

ही हकिगत मुख्यतः हेमकुंडाच्या ट्रस्टने जपलेल्या आठवणींतून आपल्यापर्यंत येते. बरीच वर्षे भक्तांच्या तोंडून सांगितली गेल्याने तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत. योग्याचे सोडून देऊ. मला त्या कथेतले मधले वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते: पांडुकेश्वरात विचारले आणि लोकांनी सांगितले. पोथी पंजाबातून आली, तळे गढवालने दाखवले. कुंटाचा कुंड झाला तो त्या क्षणी. डोंगर शोधणाऱ्या माणसाला लोकांनी पूजेतले पाणी दाखवले, आणि शब्दात एका अक्षराचा काय तो फरक.

सोहनसिंगांनी अमृतसर गाठून वीर सिंगांना सांगितले. वीर सिंगांनी वर्णन पोथ्यांशी पडताळले, त्यांची खात्री पटली आणि त्यांनी बांधकामासाठी २,१०० रुपये दिले. याच सुमारास सोहनसिंगांना जोडीदार मिळाला: हवालदार मोदनसिंग, बेंगॉल सॅपर्स अँड मायनर्समधले. दोघांनी जोशीमठात सामान जमवले आणि १९३६ मध्ये तळ्याकाठी दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली उभी राहिली. हे सामान वर गेले ते त्या खोऱ्यातल्या माणसांच्या पाठीवरूनच गेले असणार, दुसरा उपाय नव्हता. पण त्यांची नावे या कथेत फारशी येत नाहीत. १९३७ मध्ये त्या खोलीत गुरू ग्रंथ साहिबाची स्थापना झाली. १९३९ मध्ये सोहनसिंग वारले. मोदनसिंग नंतर वीस वर्षे एकटे खिंड लढवत राहिले. घांघरियात तेव्हा धर्मशाळा नव्हती, ते एका मोठ्या झाडाच्या ढोलीत राहत. अंदाज घ्यायचा तर त्या उंचीवर मेच्या शेवटीही बर्फ असते आणि अस्वले असतात. १९६० मध्ये त्यांनी सात जणांचा ट्रस्ट नेमला आणि त्याच वर्षी ते गेले.

आज जी इमारत दिसते ती त्यानंतरची. लष्कराचे अभियंता मेजर जनरल हरकीरतसिंग आणि वास्तुरचनाकार मनमोहनसिंग सियाली यांच्या पुढ्यात प्रश्न असा होता की वर्षातले सात-आठ महिने बर्फाखाली गाडली जाणारी आणि उरलेल्या दिवसांत हजारोंना सामावणारी वास्तू कशी उभारायची. त्यांनी पाच बाजूंची, पाच दरवाजांची इमारत आखली आणि वर उताराचे धातूचे छप्पर घातले, उलट्या कमळासारखे, म्हणजे बर्फ साठून राहू नये. काम पुरे व्हायला दशके लागली, कारण काम करता येण्याजोगे दिवसच वर्षात मोजके. मला ती इमारत सुंदर वाटली नाही. पण पहिल्या हिवाळ्यात ती का कोसळली नाही हे छपराकडे पाहून कळते.

आता लोकपालाकडे वळतो, कारण माझ्या मते या इतिहासात सर्वांत थोडक्यात उरकली जाते ती ही बाजू. गुरुद्वाऱ्याच्या पलीकडे, त्याच काठावर, लक्ष्मणाचे एक लहानसे मंदिर आहे. लक्ष्मणाने इथे तप केले अशी खोऱ्यातली श्रद्धा. तळ्यातून निघून खाली घांघरियाजवळ पुष्पावतीला मिळणाऱ्या प्रवाहाला लक्ष्मणगंगा म्हणतात. ऑगस्टच्या सुमाराला तळ्याच्या वरच्या उतारावर ब्रह्मकमळे फुलतात, ती देवाला वाहायची. भ्यूंडारच्या लोकांचे उन्हाळ्यातले गाव भ्यूंडार, हिवाळ्यातले खाली पुलना, आणि वरची कुरणे त्यांच्या मेंढरांची. सोहनसिंगांना हे लोक भेटले नसते तर पोथीतला पर्वत पोथीतच राहिला असता. बाहेरच्या जगाने त्यांच्या तळ्याला दुसरे नाव दिले तेव्हा त्यांनी भांडण उभे केले नाही; दोन्ही देव एका काठावर राहिले. पण फलकावर, नकाशावर, मोटारींच्या काचांवर गेले ते एकच नाव.

गंमत अशी की त्याच दशकात त्याच खोऱ्याला आणखी एका पुस्तकाने गाठले. १९३१ मध्ये कामेत शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ भ्यूंडारची खिंड ओलांडून शेजारच्या खोऱ्यात उतरले आणि फुले पाहून थक्क झाले. १९३७ मध्ये ते पुन्हा आले, मुक्काम ठोकून राहिले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पुस्तकाने त्या कुरणाला 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' करून टाकले. म्हणजे वर दहा फुटी खोलीत ग्रंथाची स्थापना होत होती त्याच वर्षी एका डोंगरापलीकडे एक इंग्रज फुले टिपत होता. १९३९ मध्ये तिथेच फुले गोळा करताना घसरून मेलेल्या जोन मार्गारेट लेग या बाईंची कबर अजून आहे. घांघरियाहून आज दोन वाटा फुटतात, एक तळ्याला, एक फुलांच्या खोऱ्यात, आणि दोन्ही ठिकाणांना त्यांची जगप्रसिद्ध नावे काही वर्षांच्या अंतराने, बाहेरून आलेल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांनी दिली. १९८२ मध्ये फुलांचे खोरे राष्ट्रीय उद्यान झाले आणि मेंढरांची चराई थांबली. भ्यूंडारची माणसे मग यात्रेकरूंवर जगू लागली: खेचर, पाठीवरची कंडी, टपरी, लॉज.

आणि ही एका दिवसाची चाल? तीही जुनी नाही. सोहनसिंगांच्या वेळी मोटार फार खालीच सुटे, पुढे पायी. १९६२ च्या युद्धानंतर सीमेकडचे रस्ते झपाट्याने झाले, गाड्या गोविंदघाटापर्यंत येऊ लागल्या, घांघरियात राहायची सोय झाली, आणि तेव्हा कुठे 'सकाळी वर, संध्याकाळी खाली' हा शिरस्ता पडला. वर मुक्काम नको या नियमामागे भक्तीचे कारणही सांगतात. गिर्यारोहकांचा नियमही तोच आहे: उंच चढा, पण झोपा खाली. उंचीचा आजार बळावतो तो बहुतेक वेळा रात्रीच्या झोपेत. फलकांवर हेमकुंडाची उंची पंधरा हजार फुटांच्या वर लिहिलेली असते, अलीकडची मोजमापे ती चौदा हजारांच्या आसपास आणतात. पण डोके दुखायला तेवढी पुरते. माझे दुखत होते.

जूनमधल्या त्या दिवशी तळ्याच्या निम्म्या भागावर अजून बर्फ होते. मी शिखरे मोजली. सात भरली खरी, पण कुठे एक सुळका संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि मला सातच मोजायची होती हेही कबूल केले पाहिजे. बाबाजींनी पाण्यात तीन डुबक्या घेतल्या. वयाची पंच्याहत्तरी उलटलेला माणूस! बाहेर आल्यावर दात वाजत असताना म्हणाले, "तळं लिहिलं नसेल, पण असायला तर पाहिजे ना." मग त्यांनी लक्ष्मणाच्या देवळातही डोके टेकवले. एका बाटलीत पाणी भरून घेतले, गोदावरीत ओतायला.

उतरताना ते मला रोपवेबद्दल विचारत होते. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड असा १२.४ किलोमीटरचा रोपवे मंजूर केला, खर्च २,७३० कोटींच्या वर. तासाला एका दिशेने ११०० माणसे, दिवसाला ११ हजार. तो निर्णय झाला त्याच दिवशी गोविंदघाटचा पूल दरड कोसळून नदीत गेला. या खोऱ्याने २०१३ चा पूरही पाहिलेला आहे. त्या जूनमध्ये भ्यूंडार गाव वाहून गेले, गोविंदघाटचा पूल आणि किनाऱ्यावरच्या इमारती गेल्या, वाट नव्याने पाडावी लागली. मला स्वतःला रोपवे नको आहे. खेचरवाल्यांचे काय होईल हे एक. आणि दुसरे, खालच्या हवेतून माणूस तासाभरात चौदा हजार फुटांवर नेऊन सोडला तर त्याच्या फुप्फुसांचे काय होईल. पायी चढणारा निदान दमून थांबतो. हे सगळे मी बाबाजींना पोटतिडकीने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तुम्ही परत याल. मला पायी परत येणं नाही." त्यावर मला काही बोलता आले नाही.

अंधार पडता पडता घांघरियात पोचलो. लॉजच्या मालकाने, जो भ्यूंडारचाच होता, गरम पाण्याची बादली दाराशी ठेवली. दिवसभर वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने "हेमकुंड साहिब" म्हटले होते, वर जाणाऱ्याने आणि येणाऱ्यानेही. त्याने बादली ठेवत विचारले,

"लोकपाल हो आए?"